सदर उवांबाबत खुलासा

केस कापण्याचं काम आमच्या घरात माझ्या आधीच्या सगळ्या पिढ्यांनी केलं. गिऱ्हाईक मेंढी असल्यामुळे तक्रार कधी आली नाही. वर्षातून दोनदा नाल्याच्या पाण्यात मेंढ्या धुवायच्या, उन्हात वाळू द्यायच्या, मग एकेकीला आडवी पाडून कातरीनं लोकर उतरवायची. कन्नड तालुक्यातल्या आमच्या वाडीवरची मी पहिली पदवीधर. बी.ए. झाल्यावर औरंगाबादला, गारखेड्यातल्या एका ब्यूटी पार्लरमध्ये मला नोकरी लागली, तेव्हा वडिलांना ते काम समजावून सांगणं अवघड गेलं नाही. त्यांनी एकच विचारलं, "कातरायच्या आधी धुत्यात का?"

"धुतात, पण कुणी सांगितलं तर. त्याचा दर वेगळा असतो."

"मंग ते काम कच्चं हाय," वडील म्हणाले आणि मेंढरांकडे निघून गेले.

मी स्वतः कात्री धरत नव्हते. काउंटरवर बसून फोन घ्यायचा, वेळा लिहून ठेवायच्या आणि लिहिण्यावाचण्याचं जे काही निघेल ते करायचं, हे माझं काम. पार्लरच्या मालकीणबाईंना सगळे मॅडम म्हणत. मॅडम फुलंब्रीकडच्या मोठ्या बागायतदार घरातल्या. लग्नानंतर शहरात आल्या, पुण्याला जाऊन कोर्स केला आणि घराच्या खालच्या मजल्यावर आरसे लावले. पहिल्याच दिवशी त्यांनी मला समजावलं, "बघ डिअर, आपल्याकडे गिऱ्हाईक येत नाही. क्लायंट येतात. गिऱ्हाईक भाजीवाल्याकडे." त्यांचं इंग्रजी फोनवर छान चाले. समोरच्या बाईनं भाव कमी करायला सांगितला की मात्र मराठी लागे, आणि तीही थेट फुलंब्रीची.

मॅडमची मी ऋणी होते, अजूनही आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून तसं वाटणार नाही. वाडीवरच्या मुलीला खुर्ची, पंखा आणि टेलिफोन देणारी शहरातली ती पहिली व्यक्ती. असाच ऋणभाव मला कन्नडच्या शाळेतल्या मराठीच्या सरांबद्दल आहे. सरांनी आम्हाला पत्रलेखन शिकवलं. उजवीकडे तारीख, डावीकडे प्रति, मग विषय, मग संदर्भ, शेवटी सहपत्र. सर म्हणत, "पत्र ज्या पत्त्यावरून आलं, उत्तर त्याच पत्त्यावर जातं. तिथं आपलं शहाणपण चालवायचं नाही." मी ते वहीत लाल शाईनं लिहून घेतलं होतं.

पार्लरमध्ये केस कापणाऱ्या दोन मुली होत्या, शहरातल्याच. आणि एक मावशी होती. खाली पडलेले केस झाडणं, टॉवेल धुणं आणि तेलाची मालिश हे तिचं काम. तिच्या बोटांत असं काही होतं की बायका मालिशला बसल्या बसल्या घोरायला लागत. पण पार्लर हे मावशीचं अर्धंच जगणं होतं. सकाळी आमचं शटर उघडायच्या आधी ती बाळंतिणींच्या घरी जायची. बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालायचं, शेक द्यायचा, आईचं अंग चोळायचं. एका घरचं बाळ तीन महिन्यांचं झालं की त्याच गल्लीतलं दुसरं घर तिची वाट बघत असायचं. गारखेड्यातली निम्मी पोरं तिच्या पायांवर रडून मोठी झाली होती. मान याच कामात होता, आणि पार्लरच्या पगारापेक्षा मिळकतही इथलीच जास्त.

लगीनसराईचे दिवस होते. एका दुपारी सायकलवरून खाकी कपड्यातला शिपाई आला आणि लिफाफा देऊन पोच घेऊन गेला. आत एका सरकारी कार्यालयाच्या छापील कागदावर पत्र होतं. वर कार्यालयाचं नाव, पत्ता, जावक क्रमांकाची जागा, सगळं. खाली सुवाच्य अक्षरात मजकूर असा:

"विषय: उवांबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, माझी कन्या, वय वर्षे नऊ, हिचे केस गेल्या रविवारी आपल्या पार्लरमध्ये कापून घेण्यात आले. त्यानंतर दोनच दिवसांत तिच्या डोक्यात उवा व लिखा मोठ्या प्रमाणात आढळून आल्या. आमचे घराणे सुशिक्षित असून आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या उवा नाहीत. सबब, सदर उवा आपल्या येथीलच आहेत. तरी जबाबदार व्यक्तीवर काय कार्यवाही केली याचा लेखी खुलासा सात दिवसांच्या आत सादर करावा, अन्यथा पुढील परिणामांस आपण जबाबदार राहाल. सहपत्र: पुरावा."

सही बाईसाहेबांची, म्हणजे त्या कार्यालयातल्या साहेबांच्या पत्नीची होती. सहीखालचा शिक्का साहेबांच्या पदाचा होता.

पुरावा म्हणजे कागदाला टाचलेली प्लास्टिकची छोटी पुडी. तिला वरून सेलोटेप लावलेली. आत दोन उवा, मेलेल्या, आणि मुळासकट उपटलेला एक लांब केस.

मॅडमनी पत्र वाचलं आणि त्यांचा हात आपोआप डोक्याकडे गेला. मग तो त्यांनी खाली घेतला. "अशक्य," त्या म्हणाल्या. "आपला क्लायंट हायक्लास आहे." थोड्या वेळानं त्यांच्या लक्षात आलं की तक्रारही हायक्लास क्लायंटचीच आहे. मग त्यांनी शटर ओढून घेतलं, बाहेर 'दुरुस्तीचे काम चालू' अशी पाटी लावायला सांगितली आणि आम्हा चौघींना ट्यूबलाइटखाली रांगेत उभं केलं.

तपासणीचा क्रम कुणी ठरवला नाही, तो आपसूक लागला. आधी मावशी, मग वाडीवरची मी, मग शहरातल्या दोघी. मावशीचं डोकं तपासताना मॅडमनी रबराचे मोजे घातले, नाकाला रुमाल बांधला आणि कंगव्याच्या शेपटीनं तिचे केस लांबूनच उचलून पाहिले, जसं कुणी चुलीतलं लाकूड सारतं. माझ्या वेळी मोजे काढले, रुमाल राहिला. त्या दोघींच्या वेळी रुमालही गेला. त्यांच्याकडे नुसतं बघून मॅडम म्हणाल्या, "तुमचं ठीकच असणार."

कुणाच्याही डोक्यात काही सापडलं नाही. पण शोधाशोधीनं एक झालं, आम्ही पाचही जणी डोकं खाजवायला लागलो.

मावशी म्हणाली, "मॅडम, बसा. आता तुमचं बघते."

"माझं कशाला? मी रोज शाम्पू करते."

"रोज केलं तरी उवाला काय फरक पडतोय? तिला तर धुतलेलं डोस्कं लई आवडतंय. मळलेल्या डोस्क्यात पाय घसरतो तिचा."

मॅडम बसल्या नाहीत. उलट त्यांचा चेहरा पडला. बहुधा आमच्यापैकी एकीच्या तरी डोक्यात काही निघालं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं. खुलाशात जबाबदार व्यक्ती दाखवायची होती, आणि व्यक्ती होत्या, जबाबदारी तेवढी सापडत नव्हती. त्यांनी थोडा वेळ आरशात बघून विचार केला आणि मला म्हणाल्या, "लिही. सदर उवा आमच्या सफाई कामगार महिलेच्या डोक्यातून आल्याचं निष्पन्न झालं असून तिला कामावरून कमी करण्यात आलं आहे. आणि दिलगिरी. दिलगिरी चांगली मोठी लिही, तुझं मराठी आहे ना."

मावशी तिथंच टॉवेलांच्या घड्या घालत होती.

"माझ्या डोस्क्यात तर काय निघालं नाय," ती म्हणाली.

"मला माहीत आहे गं मावशी," मॅडम एकदम मऊ आवाजात म्हणाल्या. "पण त्यांना कुणीतरी दाखवावं लागतं. तू थोडे दिवस घरी बस. लगीनसराई संपली की बघू."

"घरी बसंन की. त्याचं काय नाय." मावशीनं घडी घातलेला टॉवेल पुन्हा उलगडला. "पन कागदावर नका घेऊ मॅडम. त्या बाईसाहेबाच्या मागच्या गल्लीत मला सकाळचं लेकरू हाय, सव्वा महिन्याचं. हितून तितं बोलणं जायला कितीसा वेळ लागतोय? उवावाल्या बाईच्या पायावर कोन लेकरू देतंय?"

"नाव लिहायचं नाही," मॅडम म्हणाल्या. "सफाई कामगार महिला, एवढंच."

"तुमच्याकडं सफाई कामगार महिला कितीक हायत?"

यावर मॅडमना फोन करायचं आठवलं आणि त्या वर घरात गेल्या. मावशी पिशवी घेऊन निघाली. शटरखालून वाकून जाताना मला म्हणाली, "तू लिवनार का?"

"हो."

"मंग नीट लिव," ती म्हणाली. हे बोलणं रागाचं होतं का विनंतीचं, ते मला कळलं नाही.

मी लिहिलं. सांगितलं होतं तसंच लिहिलं, हे लपवत नाही. मालकीणबाईंनी सांगितलं आणि मी लिहिलं नाही, असं करण्याइतकी हिंमत बी.ए.नं दिलेली नव्हती. अक्षरही छान काढलं. 'निष्पन्न' हा शब्द मला आवडायचा, तो वापरायला मिळाला म्हणून त्या क्षणी थोडं बरंही वाटलं. ही गोष्ट मला आजही बोचते.

अडचण शेवटी आली, सहपत्रापाशी. त्यांनी पुरावा पाठवला होता आणि तो आपल्याकडे ठेवून घेणं मला बरोबर वाटेना. सरांनी शिकवलं होतं की मूळ कागद आपला नसेल तर परत करायचा आणि त्याचं वर्णन लिहायचं. म्हणून वर्णन लिहिण्यासाठी मी पुडी उजेडात धरली. 'उवा दोन, मृत,' एवढं लिहिलं. मग केस पाहिला.

त्या केसाला लिखा चिकटलेल्या होत्या. त्या मुळाजवळ नव्हत्या, मुळापासून चांगल्या दोन बोटं लांब होत्या. आणि आतली कवचं रिकामी, पांढरी.

आता ही विद्या मला कॉलेजनं दिलेली नाही. माझी आई दर शनिवारी दुपारी मला दोन गुडघ्यांत धरून फणीनं माझं डोकं विंचरायची. ऊ लीख घालते ती केसाच्या अगदी मुळाशी. ती तिथंच चिकटून राहते, आणि केस वाढेल तशी वर सरकते. लीख मुळापासून लांब दिसली की आई म्हणायची, "हे बिऱ्हाड जुनं हाय." लोकरीतल्या किड्यांवरून मेंढी बाजारातून नवी आणलीय की आपल्याच कळपातली, हे वडील असंच ओळखायचे. रविवारी आमच्याकडे केस कापलेल्या मुलीच्या केसावर मंगळवारी दोन बोटं वर गेलेल्या लिखा असतील, तर त्या उवा आमच्याकडून गेलेल्या नव्हत्या. त्या मुलीबरोबर आमच्याकडे आल्या होत्या, केस कापताना बसल्या आणि तिच्याबरोबर परत गेल्या.

मी पहिलं पत्र फाडलं. मला वाटलं, चूक आहे ती माहितीची. बाईसाहेबांना हे माहीत नाही. सुशिक्षित घराणं आहे, एकदा कळलं की त्यांना पटेल. हसू नका, मी खरोखर असं समजत होते. मग मी दोन पानं खुलासा लिहिला. लीख कुठं घातली जाते, ती केसाबरोबर कशी सरकते, पुराव्यातला केस काय सांगतो. "सबब, सदर उवा आमच्या येथील नसून त्या आमच्या येथे येण्यापूर्वीपासून आपल्याच आहेत, असे सविनय नमूद करावेसे वाटते. आमच्या येथील कोणत्याही कर्मचाऱ्याच्या डोक्यात तपासणीअंती काहीही आढळून आलेले नाही." त्यापुढे, केवळ टीका करून थांबू नये म्हणून, उपाय लिहिला. ओले केस, खोबरेल तेल, लाकडाची दाट दातांची फणी, दर तीन दिवसांनी, सरावलेल्या हातानं. घरातल्या सगळ्यांची डोकी एकाच दिवशी पाहावीत, मोठ्यांचीही. शेवटी, "सहपत्र: आपला पुरावा (उवा दोन, मृत, केस एक) सन्मानपूर्वक परत."

मी लिहिलेली पत्रं मॅडम वाचत नसत. त्या वरचा आमचा छापील फुलांचा शिक्का बघत आणि खाली सही करत. "मोठं झालंय," त्या कौतुकानं म्हणाल्या. "दिलगिरी आहे ना?"

"सविनय लिहिलंय," मी म्हटलं. हे खोटं नव्हतं.

लिफाफ्यावर मी पत्ता घातला तो पत्राच्या कागदावर छापलेला. साहेबांचं पदनाम, कार्यालय, मजला. बाईसाहेबांचा घरचा पत्ता वेळांच्या वहीत होता, पण उत्तर आलेल्या पत्त्यावरच जातं. मी स्वतः जाऊन पोच घ्यायचं ठरवलं.

कार्यालयात आवक टेबलावर एक पान खाणारे गृहस्थ बसले होते. लिफाफ्यावर 'खाजगी' वगैरे काही लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे त्यांनी तो रीतसर फोडला आणि मोठी नोंदवही उघडली.

"विषय काय ताई?"

"उवांबाबत खुलासा."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "कशाबाबत?"

"उवा. तुमच्या कार्यालयाचं पत्र आलं होतं, त्याला उत्तर आहे. संदर्भ दिलाय बघा."

त्यांनी पत्र वाचायला सुरुवात केली. पहिलं पान संपेपर्यंत त्यांचं पान चघळणं थांबलं होतं. शेजारच्या टेबलावरच्या माणसानं विचारलं, "क्या हुआ मामू? पगार रुकी क्या?"

"चुप बैठ. साहेबांचं हाय." त्यांनी दुसरं पान उलटलं. "सहपत्र लिहिलंय. कुठंय?"

मी पुडी पुढे केली.

"बघून घ्यावं लागतं," ते म्हणाले. "मागं एकानं सहपत्र लिहिलं आन् जोडलंच नाय, माझ्यावर आलं सगळं." त्यांनी पुडी खिडकीकडे धरली. "एक... ही दुसरी. आन् केस. बरोबर." मग नोंदवहीत लिहीत लिहीत मोठ्यानं उच्चारलं, "उवा, नग दोन."

तोवर टेबलाभोवती पाच-सहा जण जमले होते. एकानं अगदी आदरानं विचारलं, "साहेबांच्या घरच्या हायत का ह्या?"

"त्यांच्या मुलीच्या डोक्यात सापडल्या, असं पत्रात त्यांनीच म्हटलंय," मी सांगितलं.

"बराबर है," तो म्हणाला. "लिखा-पढी में है तो बराबर है."

मला वाटलं, सरकारी कार्यालयात किती आस्थेनं काम बघतात. पोचवर शिक्का घेऊन मी परत आले.

पुढचं मला नंतर कळलं, तेही त्याच सायकलवाल्या शिपायाकडून. आलेला कागद साहेबांकडे थेट जात नाही, पायरीपायरीनं चढतो. एका टेबलावर त्याच्यावर 'सादर' लिहिलं गेलं, दुसऱ्यावर 'अवलोकनार्थ', तिसऱ्यावर 'योग्य त्या कार्यवाहीस्तव'. प्रत्येक टेबलावर तो दिवसभर मुक्काम करत होता, कारण प्रत्येकाला तो पूर्ण वाचायचा होता. चौथ्या दिवशी तो पुडीसकट साहेबांसमोर गेला. साहेबांनी तो फाडला असता, पण आवक क्रमांक पडलेला कागद फाडता येत नाही. त्याचा निकालच लावावा लागतो.

त्या संध्याकाळी बाईसाहेबांचा फोन आला. फोन मीच घेतला. "कार्यालयात पाठवायला कुणी सांगितलं होतं?" एवढंच त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "बाईसाहेब, तुमच्या कागदावर पत्ता तोच होता."  पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

मावशी त्या सगळ्या दिवसांत घरी होती. मॅडमच्या समजुतीप्रमाणे ती कागदावर काढली गेली होती. टॉवेल मॅडमच्या घरच्या मशीनमध्ये धुतले जात आणि त्यांना वास येई. एका संध्याकाळी मी तिच्या वस्तीत गेले. ती म्हणाली, "सकाळच्या घरी अजून काय बोलले नायत. पन आज बाळाच्या आजीनं माझ्या पदराकडं बघितलं. न्हाऊ घालताना रोज बघत नाय." पत्रात मी काय लिहिलंय, ते मी तिला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. विश्वास बसल्यासारखं काही दिसलं नाही. शिकलेल्या माणसानं लिहिलेलं आपल्या बाजूचं असू शकतं, हे तिच्या अनुभवात नव्हतं.

आठवड्यानं उत्तर आलं. "आपला खुलासा सहपत्रांसह प्राप्त झाला. सदर प्रकरण या कार्यालयाच्या कार्यकक्षेत येत नसल्याने नस्तीबंद करण्यात येत आहे. सहपत्रे कार्यालयीन अभिलेखात ठेवण्यात आली आहेत." म्हणजे फाईल बंद झाली आणि त्या दोन उवा सरकारी दप्तरात दाखल झाल्या. तिथून त्यांना कुणी काढू शकणार नव्हतं. इतकी पक्की नोकरी आमच्या वाडीवर अजून कुणाला लागलेली नाही.

आता मॅडमना माझ्या पत्राची प्रत वाचायची होती. वाचता वाचता त्या खुर्चीत बसल्या.

"तू मला विचारलंस का?"

"सही तुमची आहे मॅडम."

"मी वाचते का कधी?" त्या ओरडल्या. मला काढून टाकायचं हे त्यांनी जवळजवळ बोलून टाकलं होतं, पण तेवढ्यात त्यांची नजर परत सरकारी उत्तरावर गेली. गोल शिक्का. सही. त्यांनी ते पुन्हा वाचलं. त्यात आमच्या बाजूनं एक शब्द नव्हता, पण विरुद्धही नव्हता, आणि शिक्का फार ठसठशीत होता. दुसऱ्या दिवशी मॅडमनी ते उत्तर लॅमिनेट करून आरशाशेजारी लावलं. "गव्हर्नमेंटनं चौकशी करून आपल्याला क्लीन ठरवलंय," त्या क्लायंटना सांगत. कुणी मजकूर वाचला नाही. मावशीलाही निरोप गेला, "प्रकरण मिटलं, ये." टॉवेलांचा वास हे त्यातलं मोठं कारण होतं, असं मला वाटतं.

त्यानंतरच्या आठवड्यात, दुपारी सगळे जेवायला जातात त्या वेळेला, बाईसाहेब स्वतः आल्या. डोक्यावरून पदर, डोळ्यांवर काळा चष्मा, हाताशी मुलगी. तक्रारीबद्दल एक अक्षर नाही. आत येऊन त्यांनी दाराकडे बघितलं आणि मॅडमना हळू आवाजात म्हणाल्या, "तुमच्या त्या पत्रात लिहिलंय, सरावलेल्या हातानं. ते कोण करतं तुमच्याकडे?"

मॅडमच्या चेहऱ्यावर एका क्षणात काय काय झालं ते बघण्यासारखं होतं. आधी भीती, मग आश्चर्य, आणि मग दरपत्रकावर एक नवी ओळ. "करतो ना मॅम," त्या म्हणाल्या. "हेअर हायजिन. आमच्या मावशी एकदम एक्सपर्ट आहेत. आजपासून त्यांच्याकडे तेच काम."

मावशी मालिशचं तेल गरम करत होती. तिनं वर पाहिलं, मॅडमकडे नाही, माझ्याकडे.  उवा असलेली बाई म्हणून कागदावर जाता जाता ती वाचली होती, आता उवा काढणारी बाई म्हणून ती पाटीवर जाणार होती. आणि ज्या गल्लीत तिचं सव्वा महिन्याचं बाळ होतं, त्या गल्लीतल्या आजीला या दोन्हींत फरक करायला फुरसत नव्हती.

"मावशी नाही," मी म्हटलं. "ते मी करते. पत्र मीच लिहिलं होतं."

मॅडमनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू? तू तर ग्रॅज्युएट आहेस."

"म्हणूनच," मी म्हटलं. आणि हे त्यांना एकदम पटलं. ग्रॅज्युएट म्हटल्यावर दर वाढवता येणार होता.

मागच्या खोलीत मुलीला मी गुडघ्यांत घेतलं. आईनं मला घ्यायची तसं. बाईसाहेब बाहेर बसल्या, त्यांना बघवत नव्हतं. मावशी माझ्यामागे उभी राहून पुटपुटत होती, "फणी उभी धर. आडवी धरलीस तर वरवर जाती. हां. कानामागं बघ, तितं वस्ती असतीय."

मुलगी गोड होती. तिला गप्प बसवत नव्हतं. "दिवाळीत आजीकडे गेलो होतो ना," ती म्हणाली, "तेव्हापासून खाजतंय. मम्मीला पण खाजतं. मम्मी म्हणते, सांगायचं नाही."

"मंग नको सांगू," मावशी म्हणाली.

"तुम्ही काय शिकलात?" तिनं मला विचारलं.

"बी.ए."

"त्यात हे शिकवतात?"

"नाही," मी म्हटलं. "ते आधी येतं."

दरपत्रकावर महिनाभरात नवी ओळ छापून आली, आणि तिच्यापुढे कंसात 'पदवीधर सल्लागाराकडून'. मागच्या खोलीला वेगळा पडदा लागला. चांगल्या चांगल्या घरच्या बायका पदर घेऊन, दुपारच्या वेळेला, मुलींना आणि कधीकधी स्वतःलाही घेऊन यायला लागल्या. सगळ्यांच्याच घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या उवा नव्हत्या. मी ती फणी दोन वर्षं धरली, बी.एड.ला नंबर लागेपर्यंत. गारखेड्यात काही जणी मला पाहून दोन पावलं बाजूला होत, ते मला दिसायचं. सुरुवातीला लागायचं. पण मला कुणाचं तान्हं बाळ पायावर घ्यायचं नव्हतं, आणि उवांमुळे पदवी परत मागितल्याचं मी कुठं ऐकलं नव्हतं.

ती मुलगी पहिल्यांदा येऊन गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीला यायला उशीर झाला. मॅडम घड्याळाकडे बघत होत्या. ती आली ती हातापायांना बेसनाचा आणि दुधाचा वास घेऊन. "लेकरू लई रडलं आज," ती म्हणाली. "आजी म्हनली, अजून थोडं बस, तुझ्याकडंच गप राहतंय." मग तिनं कोपऱ्यातली टॉवेलांची बादली उचलली आणि मागच्या नळाकडे गेली.